काटा पिवळ्यात

फोन आला तेव्हा निरीक्षक जिन्यात दम खात उभे होते. इमारतीला लिफ्ट होती आणि ती चालूही होती. पण दार बंद होणाऱ्या कुठल्याही खोक्यात ते आपण होऊन जात नसत.

“साहेब, आमच्या इथं चार माणसं बंद आहेत,” पलीकडून संशोधन संस्थेचे संचालक बोलत होते. “त्यातल्या एकानं बाकीच्यांना गुदमरवायचा प्रयत्न केलाय.”

“मग दार उघडा की!”

“दार उघडलं की प्रयोग बुडाला.”

“आणि नाही उघडलं तर?”



“म्हणून तर तुम्हाला फोन केला.”

संस्थेच्या आवारात एक मोठी शेड होती आणि शेडच्या पोटात पोलादी पत्र्यांचं एक घर. बंदघर. त्याला खिडकी एकच, हाताच्या पंजाएवढ्या जाड काचेची. आत चार माणसं कित्येक महिने राहत होती. तीच हवा यंत्रातून गाळून पुन्हा घ्यायची, तेच पाणी गाळून पुन्हा प्यायचं. अशा जागी माणूस किती टिकतो आणि कसा टिकतो, हे पाहायचं होतं.

“कोंडून ठेवलंय म्हणा ना,” निरीक्षक म्हणाले.

“छे! दाराची मूठ आतल्या बाजूला आहे. ज्याला वाटेल त्यानं ओढावी आणि बाहेर यावं. कारणसुद्धा विचारायचं नाही, असा नियम आहे.”

“मग हवा बंद करायची गरज कोणाला पडली?”

“तेच तर कळत नाही. मला निरोप मिळाला तसा मी धावत इथं आलो. बघतो तर आमच्या मावशी विणत बसलेल्या! आता तुम्ही एकदा सगळ्यांशी बोला. मग दार उघडतो आणि आतल्यांचा ज्याच्यावर संशय आहे, त्या यंत्र सांभाळणाऱ्या मिस्त्रीला तुमच्या ताब्यात देतो.”

काचेसमोर एक अरुंद केबिन होती. तिच्यात शिरताच निरीक्षकांच्या मानेला घाम फुटला. त्यांनी केबिनच्या दारात खुर्ची अडकवली, ते सताड उघडं ठेवलं आणि दुसऱ्या खुर्चीवर बसले. कोपऱ्यात एक वयस्क बाई करड्या लोकरीचं काहीतरी विणत होत्या. सगळी संस्था त्यांना मावशी म्हणे. प्रयोगाची आखणी त्यांचीच होती.

काचेपलीकडे पहिल्यांदा कप्तानबाई आल्या. उंच, केस कापलेले, उभं राहणं ताठ. आयुष्यभर त्यांनी माणसांना डोंगरांवर चढवलं होतं. आतल्या तुकडीच्या प्रमुख त्याच होत्या.

“काय झालं, सांगा,” निरीक्षक स्पीकरमध्ये बोलले.

“जेवण झाल्यावर हवा किती बिघडली ते दाखवणारा काटा हिरव्यातून पिवळ्यात गेला. येईल खाली, असं वाटलं. चहाच्या वेळी तो तांबड्याला टेकला. डॉक्टरांचं डोकं ठणकत होतं. भाज्या पिकवणाऱ्याला मळमळत होतं. मी यंत्राच्या खोलीत गेले. मोटरनं हवेचं मोठं चाक फिरवणारा पट्टा तुटून पडला होता. मी हाक मारली.”

“तुटून की कापून?”

“कापून. ते डॉक्टरांनी पाहिलं. यंत्राखाली मिस्त्रीचा चाकू होता.”

“पट्टा परत कोणी बसवला?”

“मिस्त्रीनंच. त्याच्याकडे जादा होता.”

“त्यानं का कापावा?”

“मागं त्याला घरी जायचं होतं. मी समजावलं. म्हटलं, एक गेला की सगळ्यांच्या कष्टांवर पाणी. लोक जन्मभर म्हणतील, हाच तो पळपुटा. मग थांबला.”

त्यानंतर डॉक्टर आले. त्यांच्या उजव्या तर्जनीला भलंमोठं बँडेज होतं.

“बोटाला काय झालं?”

“अक्कल गहाण टाकली, दुसरं काय! कप्तानबाईंची हाक आली तसा धावलो. मोटर त्यांनी बंद केली होती. म्हटलं, आता कसली भीती? पट्टा उचलायला हात घातला, तर मोठं चाक फिरत होतं. साल निघाली बोटाची.”

“मिस्त्रीवर संशय का?”

“अहो, आम्ही तिघं डोकी धरून बसलेलो आणि हा टाकीच्या खोलीतून शीळ घालत आला! वर विचारतो, ‘काय, शोकसभा आहे का?’ एकाच हवेत तिघांची डोकी फुटतात आणि चौथ्याचं ठणठणीत, हे कसं? टाकीच्या खोलीत प्राणवायूची जादा नळी असते. त्यानं आपली सोय आधीच करून ठेवली होती. म्हणून तर सामानाच्या कोठीत कोंडून घातला त्याला.”

“नळीचं सील तुटलेलं पाहिलंत?”

डॉक्टर बँडेजशी चाळा करू लागले. “नाही. ते पाहायचं राहिलं.”

“पाहून या.”

ते गेले आणि तोंड पाडून परत आले. सील जसंच्या तसं होतं.

तिसरा आत भाज्या पिकवणारा वनस्पतीवाला. त्याला सगळे पालेभाजी म्हणत. घाबरला की त्याला हसू येई, आणि आत्ता तो सारखा हसत होता.

“जेवणानंतर कोण कुठं होतं?”

“मी आणि डॉक्टर पत्ते खेळत होतो. टेबलावरून हललो नाही. डॉक्टर फसवतात हो पत्त्यांत. कप्तानबाई येरझाऱ्या घालत होत्या, काट्याकडे बघत. मिस्त्री जेवल्या जेवल्या टाकी धुवायला गेला. यंत्राची खोली वाटेतच आहे, हत्यारांची पेटीही तिथंच टांगलेली. तेव्हाच कापला असणार.”

“त्यानंतर यंत्राकडे कोण गेलं?”

“कोणीच नाही. हाक मारली तेव्हा कप्तानबाईच तेवढ्या.”

“टाकीच्या खोलीतून काटा दिसतो?”

“नाही. काटा फक्त बैठकीत. त्याची जोडी तुमच्या डोक्यावर आहे बघा.”

निरीक्षकांनी वर पाहिलं. भिंतीवर तबकडी होती. काटा हिरव्यात होता.

“आता कोठीचा स्पीकर जोडा,” ते म्हणाले.

थोडी खरखर झाली.

“मिस्त्री, ऐकू येतंय?”

“न यायला काय झालं? पट्टा कापलाय, कान नाही कापले.”

“तुम्ही कापलात?”

“मीच कापायचा आणि मीच जोडायचा? मग मला मिस्त्री कशाला म्हणता, शिंपी म्हणा.”

“घरी का जायचं होतं तुम्हाला?”

आवाजातली मिजास एकदम उतरली. “धाकट्या बहिणीला दिवस गेलेत, साहेब. पहिलीच खेप. आई नाही आम्हाला, माझ्याशिवाय तिचं कोणी नाही. जायचं म्हटलं, तर बाईंनी समजूत घातली. राहिलो. आणि आता जायचं ते हातात बेड्या घालून. तेवढं तिला आत्ता कळवू नका हो. या दिवसांत तिनं धसका घ्यायला नको.”

“तुमचं डोकं दुखलं नाही?”

“नाही. खोटं कशाला बोलू? दुखलं म्हटलं असतं तर सुटलो असतो, हे आता कळतंय.”

“एक सांगा. पट्टा निघाल्यावर ते मोठं चाक किती वेळ फिरतं?”

“वजनदार आहे ते. आपल्या गुर्मीत फिरतं थोडा वेळ. चहाला आधण येईपर्यंत थांबतं.”

निरीक्षक पुढचा प्रश्न विचारणार तोच काचेपलीकडे पालेभाजी ओरडला.

“काटा! काटा चढतोय!”

तबकडीवर काटा पिवळ्यात शिरला होता आणि हळूहळू पुढं सरकत होता. संचालक केबिनच्या दाराशी आले, त्यांचा चेहरा पांढराफटक. आत डॉक्टर यंत्राच्या खोलीकडे पळाले आणि परत आले. “यंत्र चालू आहे! पट्टा जाग्यावर आहे!” ते म्हणाले आणि कपाळ दाबत खाली बसले. पालेभाजीनं तोंडावर रुमाल धरला. कप्तानबाई काचेला टेकल्या होत्या. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

निरीक्षक काट्याकडे बघत राहिले. त्यांची छाती आवळत गेली. कानात ठोके पडू लागले. केबिनच्या भिंती जवळ येत होत्या. त्यांनी कॉलरचं बटण तोडलंच. हवा पुरत नव्हती.

तेवढ्यात त्यांच्या गालाला गार वारा लागला.

त्यांनी मान वळवली. केबिनचं दार उघडं होतं. खुर्ची तशीच अडकवलेली होती. शेडच्या मोठ्या फाटकातून वारा सरळ आत येत होता.

मी तर बाहेर बसलोय, त्यांच्या मनात आलं. माझी हवा वेगळी. मग मी कशानं गुदमरतोय?

त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. मावशी टाके मोजत होत्या.

“मिस्त्री,” निरीक्षक स्पीकरमध्ये हळूच म्हणाले, “तुम्हाला काही त्रास?”

“भूक लागलीय. बाकी ठीक. का हो?”

निरीक्षकांनी स्पीकर बंद केला.

“मावशी, हा काटा खोटा आहे ना?”

सुया थांबल्या. संचालकांनी आ वासला.

“स्पीकर नीट बंद केलात?” मावशींनी विचारलं. मग त्या सावकाश म्हणाल्या, “खोटाच. माणूस हवेनं गुदमरतो की आकड्यानं, हे मला बघायचं होतं. कुठल्या दिवशी काटा कसा हलायचा, ते आधीच भरून ठेवलंय. खरं मोजमाप माझ्याकडे वेगळं येतं. हे आतल्यांना कळलं तर त्याला काही अर्थ राहत नाही. म्हणून संचालकांनाही सांगितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं वाचता येतं.”

“आणि मला का नाही सांगितलंत? आत माणूस कोठीत घातलाय!”

“काट्याचा आणि पट्ट्याचा संबंध काय? काटा खोटा असेल. पट्टा तर खराच कापलाय.”

“खरी हवा कधी बिघडली?”

“चहाच्या वेळी. तीही किंचित. मिस्त्रीनं लगेच पट्टा बसवला.”

“म्हणजे जेवणानंतर नाही.”

मावशींच्या मांडीवरून लोकरीचा गुंडा घरंगळत गेला. त्यांनी तो उचलला नाही.

“हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

“आता मला आत सगळं सांगावं लागेल. तुमचा प्रयोग संपेल.”

मावशी काचेकडे बघत होत्या. त्यांच्या आयुष्यातली बरीच वर्षं त्या काचेपलीकडे होती.

“लावा स्पीकर,” त्या म्हणाल्या.

“सगळे ऐका,” निरीक्षक बोलू लागले. “नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथं नाक कोणी दाबलंच नव्हतं. हा काटा खोटा आहे. आत्ता तुमची हवा चांगली आहे, दुपारीही चांगली होती. तुम्ही काटा पाहिलात म्हणून तुमची डोकी दुखली. माझीही छाती आवळली, आणि मी तर वाऱ्यात बसलोय. मिस्त्री टाकीच्या खोलीत होता. त्यानं काटा पाहिलाच नाही, म्हणून त्याचं डोकं दुखलं नाही. डॉक्टर, तो तुमचा पुरावा गेला.”

डॉक्टरांनी कपाळावरचा हात हळूच खाली घेतला.

“आता पट्टा. तुम्ही धरून चाललात की आधी पट्टा कापला आणि त्यामुळं काटा चढला. म्हणून वेळ ठरली जेवणानंतरची आणि संशय मिस्त्रीवर. पण काटा आपोआप चढला होता. मग पट्टा कधी कापला? ते डॉक्टरांच्या बोटानं सांगितलं. मोटर बंद, पट्टा गेलेला, तरी मोठं चाक फिरत होतं. दुपारी कापला असता तर चाक केव्हाच थंड पडलं असतं. तुम्ही धावत आलात त्याच्या क्षणभर आधी तो कापला होता. त्या वेळी तुम्ही दोघं पत्त्यांवर होतात. मिस्त्री टाकीत होता. यंत्रापाशी एकच माणूस होतं.”

पालेभाजीचं हसू थांबलं होतं.

“कप्तानबाई,” निरीक्षक म्हणाले, “तुम्ही गेलात तेव्हा पट्टा तुटलेला नव्हता.”

त्यांनी नाकारलं नाही. काचेवर त्यांच्या श्वासाचा डाग उमटला आणि विरला.

“काटा चढला तेव्हा मला इतकं बरं वाटलं,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, यंत्र बिघडलं. आता दार उघडतील आणि त्यात कोणाचाच कमीपणा नाही. डोंगरावर कितीही वाईट असलं तरी वर आभाळ असतं हो. इथं मी झोपलेच नाहीये. जायचं म्हणून कितीदा दारापाशी गेले. पण त्या मिस्त्रीला जे बोलले होते, ते सगळं तिथं उभं असायचं. मग मी यंत्र बघायला गेले. आणि ते मेलं चाललं होतं. इतकं सुरेख चाललं होतं. पेटी समोरच होती.”

“जादा पट्टा आहे हे ठाऊक नव्हतं?”

“नाही. त्यानं तो बसवला तेव्हा मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, सुटकेचं.”

“आणि त्याला कोठीत घातलं तेव्हा?”

“तेव्हा मी गप्प बसले,” कप्तानबाई म्हणाल्या. “रोज जायचं ठरवत होते, त्यापेक्षा ते सोपं निघालं.”

डॉक्टरांनी जाऊन कोठीची कडी काढली. मिस्त्री डोळे चोळत बैठकीत आला. स्पीकर चालू होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. डॉक्टर काहीतरी पुटपुटले. त्यांच्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. तो कप्तानबाईंसमोर जाऊन उभा राहिला. निरीक्षकांना वाटलं, आता हात उचलतो की काय.

“मला सांगायचं ना, बाई,” तो म्हणाला. “मी आधी गेलो असतो. पळपुटा म्हणून मलाच नावं ठेवली असती, आणि तुम्ही मागून निवांत आला असतात.”

कप्तानबाईंचे ताठ खांदे तेव्हा पहिल्यांदा खाली आले. काचेचा आधार घेत घेत त्या जमिनीवर बसल्या.