दहा इंची दुर्बीण आणि शेजारचा दिवा

"तुमचा गिझर आलाय."

दुकानातून येऊन मी नुकतीच चप्पल काढत होते. दारात एक उंच, सडसडीत माणूस उभा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत थोडी धूळ, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आमच्या घरावरचं मोठंच संकट यानं अंगावर घेतलंय. तीन आठवड्यांपूर्वी शेजारी बापलेक राहायला आले होते, त्यातला हा लेक. भिंतीपलीकडून आवाज ऐकला होता, बोलणं कधी झालं नव्हतं.

"गिझर? आम्ही नाही मागवला."

"माणसाएवढं खोकं आहे, 'आडवं ठेवू नका' असं लिहिलंय आणि वर तुमचं नाव आहे. तुम्ही घरी नव्हता म्हणून गाडीवाल्यानं आमच्याकडे उतरवलं. गिझर नसेल तर..." त्यानं आवाज खाली आणला, "आत आहे तरी कोण?"

"एकच खोकं आहे? की दोन?"

"दोन."

मी त्याला बाजूला सारलं आणि अनवाणीच पळत सुटले.

त्यांच्या बैठकीत ते उभं होतं. माझ्या कल्पनेपेक्षाही मोठं! शेजारी त्याचे बाबा उभे, आणि चहाचा कप थेट खोक्यावर.

"काका, कप उचला! आत आरसा आहे!"

काकांनी कप उचलला, खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढा मोठा? कुणाचं तोंड बघायचंय एवढ्या आरशात?"

"चंद्राचं," मी म्हणाले.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. वळून पाहिलं, तर तो दाराला टेकून माझ्याकडेच बघत होता. खोक्याकडे नाही.

तो नाटकांच्या दिव्यांचं काम करायचा. मोठमोठे दिवे वाहून न्यायची त्याची ढकलगाडी आमच्या कामी आली. आईनं दारातूनच कमरेवर हात ठेवले. "पोरीनं तोफ आणली गं बाई घरात! युद्ध कुणाशी आहे?"

पण मला कुणाशी बोलायची शुद्धच नव्हती. दोन्ही खोकी फोडली. थर्माकोलचा चुरा घरभर झाला. काळी, गुळगुळीत, माझ्या खांद्यापर्यंत येणारी नळी हळूहळू बाहेर आली. दुसऱ्यातून तिची लाकडी बैठक. नव्या रंगाचा, नव्या लाकडाचा वास... तळाशी वाकून पाहिलं तर दहा इंची आरसा, विहिरीतल्या पाण्यासारखा शांत. त्यात माझंच नाक भोपळ्याएवढं. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. "ही ओळ वाचा, आता ही वाचा," हे माझं काम. पण मला स्वतःला जे वाचायचं होतं, ते कायम वर होतं, लांब होतं. आता ते माझ्या घरात यायचं होतं!

त्या रात्री मी माहितीपुस्तक उशाशी घेऊन झोपले. आणि सकाळी उठले, तर आभाळ गच्च भरलेलं.

नवी दुर्बीण आली की ढग येतात, असं हे वेड असलेले सगळेच म्हणतात. मला ती थट्टा वाटायची. एक नाही, दोन नाही, नऊ दिवस ढग हटले नाहीत! संध्याकाळी भुरभुर पाऊस, आणि खिडकीशी मी... आणि आमची तोफ.

तो मात्र रोज यायचा. नवं नाटक उभं राहायला अवकाश होता, तालमी सकाळी असायच्या, चारनंतर तो मोकळा. कधी पाना घेऊन, कधी नुसताच प्रश्न घेऊन. आणि प्रश्न तरी किती!

"एवढ्या लांबचं दिसतं म्हणजे नळी लांब म्हणून?"

"नाही. आरसा मोठा म्हणून. दुर्बीण लांबचं जवळ आणते हे खरं, पण तिचं मुख्य काम उजेड गोळा करणं. पावसात वाटी ठेवली तर वाटीभर पाणी, घंगाळ ठेवलं तर घंगाळभर."

"आणि आपला डोळा?"

"आपला डोळा म्हणजे... अंगुस्तान. बोटात घालतात ना शिवताना, तेवढं."

तो बराच वेळ नळीवरून हात फिरवत राहिला.

तळाचा मोठा आणि वरचा छोटा आरसा एका रेषेत जुळवायला मात्र दोन माणसं लागली. एकानं वर भिंगाच्या जागी डोळा लावायचा, दुसऱ्यानं तळाशी बसून स्क्रू फिरवायचे. मी वर, तो खाली.

"डावीकडे... थोडं... अजून थोडं... अहो, उजवीकडे नव्हे!"

"तुमचं डावं की माझं डावं?"

"दुर्बिणीचं!"

"तिला विचारून सांगा मग."

मला इतकं हसू आलं की डोळा हलला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा केलं. चौथ्या वेळी आत दिसणारी तीनही वर्तुळं एकात एक नेमकी बसली, मी "बास!" म्हणून ओरडले, तोही उठून नळीच्या तोंडाशी डोकवायला आला, आणि खाली आरशात पाहिलं तर त्याचा चेहरा. तोही आरशातूनच माझ्याकडे बघत होता. कुणीच हललं नाही... मग आईनं चहा आणला.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. कितीही रंगात आलेल्या गप्पा असोत, दिवेलागणीची वेळ झाली की हा माणूस उठायचा. "निघतो." वाक्य अर्धं टाकून! आणि पाच मिनिटांत त्यांच्या परसातला दिवा लागायचा. दिवा कसला, दुसरा सूर्यच. त्यांचं परस आणि आमचंही लख्ख उजळायचं. मुंग्या मोजाव्यात असा उजेड.

दहाव्या दिवशी आभाळ उघडलं. आम्ही दोघांनी मिळून तोफ परसात मांडली. सूर्य बुडाला, पहिली चांदणी दिसली, आणि... झप्पकन तो दिवा.

"हा बंद कराल जरा? अर्धा तास?"

त्याचा चेहरा बदलला. "नाही जमणार. बाबांसाठी लागतो. ते इथे फिरतात, पडले तर..."

मी डोक्यावरून घोंगडी घेतली आणि तिच्या आडोशानं चंद्र पाहिला. अर्धा चंद्र, त्यावरचे खड्डे, त्या खड्ड्यांच्या काठांवर पडलेलं ऊन... माझ्या तोंडून नुसतंच "अगं आई गं!" निघालं. आईनं पाहिलं, काकांनी पाहिलं, दोघं भांडून पुन्हा पाहिलं.

"तुम्ही या ना," मी त्याला म्हणाले.

"आधी तुम्ही बघून घ्या. मी नंतर."

ते नंतर त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन आठवडे असेच गेले. सगळ्या गल्लीनं माझी दुर्बीण पाहिली, पण जिच्या आरशाची त्यानं इतकी मनापासून जुळणी केली, तिला त्यानं डोळा म्हणून लावला नाही. का? मला चैन पडेना. दुकानात एका आजोबांना मी एकच ओळ तीनदा वाचायला लावली.

शेवटी एका सकाळी भिंतीवरून काकांनाच विचारलं. "काका, संध्याकाळी परसात फिरताना तुम्हाला जरा कमी उजेड चालेल का हो?"

"मी? फिरतो?" काका चक्रावले. "अगं, मी सातच्या आत जेवून अंथरुणावर असतो. तुझ्या चंद्रासाठी जागलो तेवढाच."

"पण ते तर म्हणाले, दिवा तुमच्यासाठी..."

"असं म्हणाला होय," काका एवढंच बोलले आणि आत गेले.

मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट वाटलं. खोटं कशाला? माझं वेड त्याला नको होतं, तर सरळ सांगायचं.

त्या संध्याकाळी तो भिंतीतल्या फाटकातून आमच्या परसात आला. दुर्बिणीच्या तोंडाला धूळ बसू नये म्हणून त्यानं जाड कापडाची टोपी शिवून आणली होती. स्वतः शिवलेली. टाके वाकडे. माझा राग निम्मा तिथेच गळाला, पण निम्मा शिल्लक होता.

"मी काकांशी बोलले," मी म्हणाले.

तो परसाच्या मधोमध थांबला. "मग?"

"खोटं का बोललात?"

त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दिवा गेला. एकदम. मिट्ट काळोख. चंद्रही नव्हता.

"बाबा!" त्याचा आवाज चिरकला. "बाबा, दिवा लावा!"

त्यांच्या मागच्या दारातून काकांचा शांत आवाज आला. "बटण माझ्या हाताखाली आहे, आणि मी काही लावणार नाही. किती दिवस लपवशील रे? सांग तिला." आणि दार लागलं.

तो जागच्या जागी उभा. टोपी छातीशी धरलेली. मला तो अंधारातही पुरेसा दिसत होता, वर चांदण्या होत्या. मी आवाज न करता चार पावलं डावीकडे सरकले.

"हे बघा... मी सांगणारच होतो," तो म्हणाला. ज्या जागी मी नव्हते, त्या जागेकडे बघून.

मला सगळं लख्ख कळलं. अशा माणसांबद्दल मी वाचलं होतं, दुकानात एकच भेटला होता. उजेडात डोळे ठणठणीत, अंधार पडला की काही नाही. असा रातांधळेपणा वाढत नाही, बराही होत नाही.

"कधीपासून?" मी इकडून विचारलं. तो दचकून वळला.

"जन्मापासून. नाटकात अंधार होतो ना, तेव्हा मी हात बटणांवर ठेवून श्वास धरून बसतो. विंगेत चमकणाऱ्या पट्ट्या मी चिकटवतो. सगळ्यांना वाटतं, नटांची किती काळजी याला!" तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "पूर्वी एकीला सांगितलं होतं. ती चांगली होती. इतकी चांगली, की मला पायरी दाखवायला लागली, पाणी हातात द्यायला लागली. भर दुपारी! वर्षभरात मी तिचा पेशंट झालो. आणि तुम्ही तर... डोळ्यांच्याच."

"मी दुकान पाचला बंद करते," मी म्हणाले. "आत्ता पावणेआठ झालेत."

तो हळूच म्हणाला, "दुर्बिणीला डोळा लावला आणि काहीच दिसलं नाही, तर तुम्हाला काय सांगायचं, हेच सुचत नव्हतं. चंद्र मला दिसतो हो. पण तुम्ही चांदण्यांबद्दल इतकं बोलायचात... मी एकही पाहिलेली नाही. कधीच."

एकही नाही? मग माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. दहा इंची आरसा. डोळ्याच्या बाहुलीपेक्षा हजारपट जास्त उजेड...

"हात द्या."

"दिसत नाहीये तुमचा."

"समोर आहे."

त्याची बोटं हवेत चाचपडली, माझ्या मनगटाला लागली आणि थांबली. गार पडली होती. मी त्याला दुर्बिणीपाशी आणलं, नळी कृत्तिकांच्या पुंजक्यावर रोखली, आणि त्याचा चेहरा भिंगापाशी नेला. दिसलं नाही तर? उगाच आशा लावली तर?

"काही दिसतंय?"

त्यानं डोळा भिंगाला आणखी घट्ट लावला.

"अहो... बोला ना. नसेल दिसत तर—"

"गप्प बसा," तो म्हणाला. "मी मोजतोय."

मी ओठ घट्ट मिटले. तो खरंच मोजत होता, कुजबुजत, लहान मुलासारखा. अकरा... बारा... ती निळसर... तेरा... एकोणतीसला त्याचा आवाज भरून आला, आणि मग एकदम, "अहो! चालल्या! पळाल्या सगळ्या!"

"पळाल्या नाहीत. पृथ्वी फिरतेय," मी नळी जरा पुढे ढकलली. "आल्या?"

"आल्या."

मग भिंगाला डोळा तसाच लावून त्यानं विचारलं, "हे असं रोज असतं वर?"

"रोज."

"आणि तुम्ही लोक घरात बसून असता?"

मी हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. त्याला काही ते दिसणार नव्हतं, तरी तोंड फिरवलं. बऱ्याच वेळानं तो सरळ झाला. त्याच्या भोवती आता पुन्हा काळोखच होता, पण आवाज मोकळा होता.

"चला, फाटकापर्यंत सोडते," मी हात पुढे केला.

"पेशंट म्हणून?"

"नाही."

"मग कोण म्हणून?"

या प्रश्नाचं उत्तर मला गेले तीन आठवडे माहीत होतं. मी नुसती त्याची बोटं माझ्या बोटांत घेतली... आणि घट्ट धरली.

त्याला कळलं असावं. कारण तो म्हणाला, "सोडू नकोस."

नकोस! आजवरचं सगळं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं.

"फाटक आलं तरी?" मी विचारलं.

"आलं तरी."

"बरं," मी म्हणाले. "मग तूही सोडू नकोस."

आमच्या परसातून त्यांच्या दारापर्यंत मोजून वीस पावलं आहेत. त्या संध्याकाळी आम्हाला पाऊण तास लागला.