नाळ आणि नळी

क्रागुयेवात्स शहरातल्या प्रयोगशाळेत देसांका एका औषधाची परीक्षा घेत होती. सुतळीएवढ्या पारदर्शक नळीला आतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी लावायच्या आणि पंपाने ठोक्याठोक्याने द्रव सोडायचा. निरोगी पेशी वाऱ्यातल्या गव्हासारख्या प्रवाहाच्या दिशेने निजतात. सुजलेल्या पेशी औषधाने निवतात का, एवढंच पाहायचं. पेशी मिळत त्या नवजात बाळांच्या नाळेतून. या खेपेची नाळ तिच्या मैत्रिणीच्या, स्तामेनाच्या तान्ह्या वुकानची होती.

"रांगायच्या आधी कामाला लागलाय माझा लेक," स्तामेना बाळंतपणाच्या रजेवरून फोनवर खिदळली. "त्याला पगार दे!"

औषध लागू पडलं. एक जागा सोडून. तिथे पेशी गोल फुगून सुटत आणि वाहून जात. देसांकाने नळी बदलली, पंप बदलला. तरी तीच जागा. दुसऱ्या बाळांच्या पेशी मात्र तिथे शांत निजत. नळीची संगणकातली प्रतिकृती म्हणे, नळी सरळ, प्रवाह सरळ.

शेवटी वैतागून तिने संगणकातल्या नळीला त्या जागी चिमटा काढून ती आवळली. आता पडद्यावरचं चित्र आणि भिंगाखालची नळी तंतोतंत जुळली.

पेशी वुकानच्या होत्या; आवळलेली वाहिनीही त्याच्याच अंगात तर नसेल? तिने स्तामेनाला फोन लावला.

"वुकान दूध नीट पितो का गं?"

"मध्येच दमतो. घामाघूम होतो. का?"

"पाय गार असतात?"



"देसांका, तुला कुणी सांगितलं?"

डॉक्टरांना पायात नाडी लागेना. हृदयातून निघणारी मोठी वाहिनी एका जागी आवळलेली होती. तेवढा भाग कापून त्यांनी टोकं जोडली आणि वुकानचे पाय गरम झाले. त्याचा बाप रादिसाव दवाखान्याच्या अंगणात आलुबुखाराच्या दारूची बाटली उंचावून नाचला. "बाई नाहीस तू, माझ्या पोराची दुसरी आई आहेस!" म्हणत त्याने देसांकाचे दोन्ही गाल तीनतीनदा चुंबले.

त्याच आठवड्यात नव्या नळीत वुकानच्या उरलेल्या पेशींवरही औषध टोकापासून टोकापर्यंत लागू पडलं. तिने निकाल मांडला तेव्हा सभागृह उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. देसांका हसली, रडली, पुन्हा हसली.

मेजवानीला निघण्याआधी तिने वुकानच्या पेशींची जुनी, बिघडलेली नळी सहज भिंगाखाली धरली.

पेशी आता शांत होत्या. सगळ्या प्रवाहाच्या दिशेने निजलेल्या.

फक्त त्या जागी एक बारीक कडं आडवं पडलं होतं. सारख्या अंतरावरच्या गाठींचं, घट्ट ओढलेलं. टाक्यांसारखं.

या नळीतल्या पेशी आहेत तशा टिकाव्यात म्हणून तिने वुकानच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच रसायनात घालून मारल्या होत्या.