पिशवी दिसते का, विचारा

मूत्राशय पोटाबाहेर उघडं घेऊन जन्मणारं बाळ चाळीस-पन्नास हजारांत एखादं. बहुतेक डॉक्टरांच्या उभ्या आयुष्यात ते येतच नाही, आणि आलं की भल्याभल्यांचे हातपाय गळतात. या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र दर मंगळवारी अशी वीस-पंचवीस मुलं धुडगूस घालायची. व्हीलचेअरची शर्यत लावायची, वजनकाट्यावर तिघंतिघं चढायची.

ही सगळी मोठ्या बाईंची पुण्याई. बाई सर्जन. उंच, किडकिडीत, डावी करंगळी वाकडी. आठ-आठ तास उभं राहून त्या मूत्राशय मिटवून आत बसवायच्या, कमरेची हाडं जुळवायच्या आणि पुढची वीस वर्षं त्या मुलाचा पिच्छा सोडायच्या नाहीत. एखाद्याला लघवी रोखता यायला लागली की त्याच्या शाळेत स्वतः फोन करायच्या, "आता त्याला सहलीला न्या. बहाणे नकोत."

सिस्टर बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली होती. रकान्यात मावेल तेवढंच खरं मानणारी बाई. सध्या ती संशोधनासाठी आयांच्या मुलाखती घेत होती. सातवा प्रश्न साधा होता: बाळाबद्दलची शंका पहिल्यांदा कोणी काढली?

"एका बाईंनी," एक आई म्हणाली. "पाचवा महिना होता. तपासणीच्या रांगेत बसले होते. त्या शेजारी येऊन बसल्या, पोटावर हात ठेवला. म्हणाल्या, 'सोनोग्राफीत बाळाची लघवीची पिशवी दिसते का, तेवढं विचार.' विचारलं, तर दिसत नव्हती."

सिस्टरने लिहून घेतलं. पुढच्याच आठवड्यात दुसरीने तेच सांगितलं. मग तिसरीने.

"अहो, त्या म्हणजे तुमच्या मोठ्या बाईच की!" चौथी हसली. "करंगळीवरून ओळखलं मी. एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण कुठे कुठे फिरतात बिचाऱ्या!"

ती जिथून आली होती ते गाव रेल्वेने अकरा तासांवर होतं.

अशा नऊ आया निघाल्या. एकमेकींना न ओळखणाऱ्या. सिस्टरने त्यांच्या तपासणीच्या कागदांवरच्या तारखा आणि वेळा ऑपरेशनच्या रजिस्टरशी ताडून पाहिल्या. नऊही दिवशी, नेमक्या त्याच वेळी, बाई इथे टेबलापाशी उभ्या होत्या.

दोन दिवस ती तेच रकाने पुन्हा पुन्हा ताडत राहिली. शेवटी तिने कागद बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो सावकाश वाचला.

"ही नऊ मुलं कशी आहेत?"

"ठणठणीत. आधी कळल्यामुळे जन्मल्या जन्मल्या आपल्याकडे आली. पोटावर स्वच्छ प्लॅस्टिक लावूनच आणली होती. एकालाही जंतुसंसर्ग नाही."

"मग आठवा प्रश्न विचार," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद घडी घालून परत दिला.

त्यानंतर महिनाभराने, भर दुपारी, ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या टेबलावरचा फोन वाजला. सिस्टरने उचलला. एका दूरच्या गावचा सोनोग्राफीचा डॉक्टर बोलत होता.

"तुमच्या मोठ्या बाई आत्ताच इथून गेल्या. त्यांनी सांगितलं म्हणून पुन्हा नीट बघितलं. बरोबर आहे, पिशवी दिसत नाही. बाळंतपणाला पेशंट तुमच्याकडेच पाठवतो."

"आत्ता?" सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं.

"दोन मिनिटंही झाली नसतील. कमाल आहे हो बाईंची! आमच्याकडे येऊन कोण सांगतं एवढं?"

सिस्टरने दाराच्या काचेतून आत पाहिलं.

दिव्याखाली बाई निश्चल उभ्या होत्या. डोळे मिटलेले. मदतनीस डॉक्टर चिमटा धरून ताटकळत होते. बाई मधूनच अशा थांबतात, विचार करतात, हे सगळ्यांच्या सवयीचं होतं.

मग बाईंनी डोळे उघडले. डावा हात वर धरून काहीतरी मागितलं.

"हॅलो, ऐकताय ना?" फोनमधला आवाज म्हणाला. "बाईंचा एक हातमोजा पेशंटच्या खाटेवर राहिलाय. डाव्या हाताचा. आतून अजून गरम आहे."

काचेपलीकडे एक नर्स घाईघाईने नवं पाकीट फाडत होती.

बाईंचा डावा हात उघडा होता.