दिवा न लावता घेतलेला चहा

मिक्सरचं भांडं बदलून घ्यायला आम्ही दोघं रविवारी बुधवार पेठेत गेलो होतो. नवरा-बायकोने मिक्सरसाठी एकत्र जाण्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या वर्षी अवधूत आणि मी एका लिफ्टमधूनसुद्धा जात नव्हतो. मी लिफ्टमध्ये शिरले की तो जिन्याने उतरायचा.

आमचं मूल पोटातच गेलं, त्यानंतरचं हे. त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी एकटी होते. अवधूत मीटिंगमध्ये अडकला होता, निदान त्याने तसं सांगितलं. पुढे घरात भांडणही उरलं नाही आणि बोलणंही. दूध संपलंय, गॅसवाला येऊन गेला, एवढंच. घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी एकदा बघू, म्हणून आम्ही कोथरूडच्या एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, रोज संध्याकाळी चहा एकत्र घ्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. मध्ये उत्तर द्यायचं नाही आणि नंतर तो विषयही काढायचा नाही.

मला हसूच आलं. ज्या गावात पाहुण्याला 'चहा घेऊनच आला असाल' म्हणतात, तिथे औषध म्हणून चहा. पण घेतला. कर्वेनगरच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोन वेताच्या खुर्च्या टाकल्या, मध्ये स्टूल ठेवलं. पहिल्या दिवशी ट्यूबलाइटखाली एकमेकांची तोंडं बघत बसलो आणि कपावर साय धरली.

"लाइट बंद करू का?" अवधूत म्हणाला. "तुझा चेहरा दिसला की माझं तोंड उघडत नाही."

मी म्हटलं, "कर. माझीही सुटका होईल."

चुकलं ते इथेच. सासूबाईंना कळल्यावर त्या फोनवर म्हणाल्या, "ऐन दिवेलागणीला घर अंधारं ठेवू नये गं. त्या वेळी कोणीही आत येतं."

"आई, चौथा मजला आहे आमचा. येणाऱ्याला दम लागेल," मी म्हटलं.

अंधारात आल्याचा वास जास्त येतो. खाली स्कूटर लागायच्या, समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या एकेक उजळायच्या, आमची तेवढी काळी राहायची. मग शेजारच्या खुर्चीतून अवधूतचा आवाज यायचा. हलका, थोडा घोगरा. एकदा तो म्हणाला, "मी मीटिंगमध्ये नव्हतो, कादंबरी. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून होतो. वर यायचा धीर झाला नाही." मी नियम पाळला, काही बोलले नाही. पदर तोंडात धरून रडले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. माझी बोलायची पाळी काही येत नसे, पण मला घाई नव्हती. बिचाऱ्याचं किती साचलं होतं. आमचं सगळं हळूहळू सुधारत गेलं, आणि खरं सांगते, मी पुन्हा त्याच्या प्रेमात पडले होते.

तर त्या रविवारी बुधवार पेठेत दुकानदार भांडं शोधायला माळ्यावर चढला होता. मी सहज म्हटलं, "पार्किंगमध्ये होतास हे तेव्हाच सांगितलं असतंस, तर इतकं ताणलं नसतं रे."

अवधूत माझ्याकडे वळला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? तूच. बाल्कनीत."

"मी बाल्कनीत काही बोलत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "तूच तर बोलतेस. रोज. मी फक्त ऐकतो..."

रस्त्यावर एवढी गर्दी, हॉर्न, पण मला काही ऐकू येईना. मी विचारलं, "काय बोलते मी?"

"तिचं नाव ठरवलं होतंस ते. शाल्मली."

ते नाव मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. ते माझ्या मनातच होतं.

भांडं घेऊन आम्ही घरी आलो. संध्याकाळी चहा केला आणि बाल्कनीतला दिवा लावून बसलो. दोघांनी एकमेकांना सांगितलंच नव्हतं, तर मग आम्हाला जवळ आणलं कोणी? बोलायला गेलो तर शब्द सापडेना. मला वाटलं, गेलं सगळं. आता पुन्हा दूध संपलंय आणि गॅसवाला येऊन गेला. त्या अंधाराची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त भीती त्या उजेडाची वाटली.

"एकदा खात्री करू," अवधूत म्हणाला. "मी तुझं तोंड धरतो, तू माझं धर."

नको म्हणायला हवं होतं. मी खुर्ची जवळ ओढली. त्याने दिवा मालवला आणि तळहात माझ्या तोंडावर ठेवला. त्याच्या तोंडावर माझा. त्याच्या मिशा मला टोचत होत्या, ओठ घट्ट मिटलेले होते, श्वास नाकातून गरम येत होता. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली. मग काहीच नाही...

आणि माझ्या मागून, घराच्या आतून, अवधूतचा आवाज आला. हलका, थोडा घोगरा. माझ्या हाताखालचे ओठ हलले नव्हते.

"शाल्मली दारात उभी आहे," तो आवाज म्हणाला. "तिला आत घेऊ ना?"

मी जिवाच्या आकांताने नाही म्हणायला गेले. तोंडावर अवधूतचा हात होता, आणि तो जास्तच घट्ट झाला. त्यालाही तेच ऐकू आलं असणार, माझ्या आवाजात. मला वाटलं, तोही मान हलवेल, घाबरून उठेल. पण माझ्या तळहाताखाली त्याचे ओठ हलले.

"हो."

मी धडपडत दिवा लावला. घरात कोणी नव्हतं. दाराची कडी आतून होती.

अर्जाचं आता कोणी नाव काढत नाही. अवधूत ऑफिसातून वेळेवर येतो, स्वतः आलं किसतो, चहा टाकतो. ट्रेमध्ये आमचे दोन कप असतात आणि एका वाटीत कोमट दूध, साखर घातलेलं. ती वाटी मी कधी भरलेली परत आणलेली नाही. मला भीती वाटते ती त्या वाटीची नाही. भीती अवधूतची वाटते, कारण इतकं सुखी मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. निघून जावंसं वाटतं, आणि ज्या नावाने मी कोणालाच हाक मारू दिली नाही, ते नाव टाकून जाववत नाही. म्हणून संध्याकाळी चहा झाला की थोडा वेळ शेजारी तुमच्याकडे, दिवा लावलेल्या घरात येऊन बसते.

काल वाटीत दूध ओतायला गेले, तर त्याने माझा हात धरला.

"वाटी नको आता," तो हसून म्हणाला. "तिला कप धरता येतो."