हीटर बंद केल्यावर

१९९१ साली डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमची कंपनी विजेवर चालणाऱ्या व्हॅनसाठी बॅटरी बनवत होती. मी तिथे केमिस्ट होते, हरिहर केळुसकर मुख्य इंजिनिअर. ही शिशाची नेहमीची बॅटरी नव्हती. आत सोडियम आणि गंधक, दोन्ही वितळलेलं. तीनशे अंशांवर हीटरने सतत तापती ठेवावी लागायची. गार झाली की आतल्या चिनी मातीच्या नळ्या तडकणार आणि सगळं संपणार. केळुसकरांची उमेदीची वर्षं त्या पेटीत गेली होती.

एप्रिलात मालकांनी काम गुंडाळायला सांगितलं.

"साहेब, व्हॅन चालतेय. दिवाळीपर्यंत थांबा," केळुसकर म्हणाले.

"पेट्रोलपंप बंद पडले नाहीत अजून. उद्यापासून येऊ नका."

हीटर बंद करायलाही त्यांनाच लावलं. केळुसकरांनी बटण दाबलं आणि पेटीवर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

सोमवारी मी पेटी भंगारात काढायला गेले, तर आत तीनशे अंश. वायर तर उपसून टाकलेली. तापमापक बिघडला म्हणून दुसरा लावला. त्यानेही तेच दाखवलं. मे उजाडला तरी काटा उतरला नाही.

केळुसकरांना सांगायला टिटवाळ्याला गेले. भर दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, ते दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होते.

"डॉक्टर म्हणतात ताप नाही," त्यांच्या पत्नी, मालनवहिनी म्हणाल्या. "थर्मामीटरचा पारा चढतच नाही. हात लावून बघा."

हात माठासारखा गार होता.

"नळ्या तडकल्या का हो, सरस्वतीबाई?"

"नाही."

ते समाधानाने हसले. मला ते बघवेना.

पेटीने त्यांची ऊब सोडावी म्हणून परत येऊन मी हीटर जोडला. पेटी वीज घेईचना.

मालकांना सगळं सांगितलं. हीटरशिवाय चालते, एवढंच त्यांनी ऐकलं. ठाण्याहून सरकारी अधिकारी बोलावले. व्हॅन शीळफाट्यापर्यंत जाऊन आली. हार झाले, पेढे झाले. केळुसकरांचं नाव कोणी घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी ते गेले. शेवटी तोंडातून वाफ निघत होती, मालनवहिनी म्हणाल्या. थंडीत निघते तशी.

आता तरी पेटी निवेल असं मला वाटलं.

निवली नाही.

मालकांनी केळुसकरांच्या टेबलाच्या किल्ल्या माझ्यापुढे सरकवल्या. "आता तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या कोणाला कळतंय?"

माझा नवरा कामाला होता ती ठाण्याची कंपनी वर्षभर बंद होती. मी किल्ल्या घेतल्या.

घरी आले. चहा ओतून नवऱ्याला कप दिला, तशी त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्याने हात मागे घेतला.

"अगं, बर्फात हात घातलेलास का?"

मी माझ्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. गॅसवरून उतरवलेलं पातेलं मी फडक्याशिवाय धरलं होतं.