सोळावी फेरी

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला घड्याळ सर शाळेत निघाले, ते फक्त नावं तपासायला. दुसऱ्या दिवशी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून व्यायामशाळेच्या भिंतीवर एक भला थोरला फलक लागायचा होता. कुठल्या वर्षी, कुठल्या शर्यतीत कोण पहिलं आलं, सगळं एका ठिकाणी. यादी सरांनीच करून दिली होती. दुसरं करणार तरी कोण? तेहेतीस वर्षं खेळ शिकवलेला माणूस. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि एक मिनिट उशीर झाला की पोराला मैदानाला दोन चकरा. तेव्हापासून ते गावाचेच घड्याळ सर झाले. त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

"बाबा, काठी घ्या," सूनबाईनं दारातून बजावलं. "आणि अंधार पडायच्या आत घरी या."

"नावं वाचायला असा कितीसा वेळ लागतो? तासाभरात आलोच."

शाळेला सुट्टी होती. व्यायामशाळेत ऑइलपेंटचा वास कोंडला होता, आणि त्याच्याखाली गाद्यांचा तो जुना, कुबट, घामट वास. पेंटर शिडीवर बसून शेवटच्या ओळी रंगवत होता. माणूस हाताचा सरळ, पण तोंडाला कुलूप नाही.

"या सर, या! बघा, कसा झालाय? एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तुमची यादी समोर ठेवूनच लिहिलंय."

सर एकेक ओळीवर बोट फिरवत वाचू लागले. लांब उडी, भालाफेक, शंभर मीटर. काही पोरं आता आजोबा झाली होती, काही परदेशी होती, काही नव्हतीच. नाव वाचलं की चेहरा समोर येई, आणि सरांच्या ओठांवर हसू येई.

"एक मात्र मानलं पाहिजे सर," पेंटर वरून म्हणाला. "तुमच्या शाळेतली पोरं सुट्टीतही सराव सोडत नाहीत."

"कोण पोरं?"

"एकच येतं. हडकुळं आहे अगदी, फुंकर मारली तर उडेल. अनवाणी धावतं बिचारं. गेले पाच-सहा दिवस रोज बघतोय, ऊन कललं की हजर. मीही आपला ब्रश मारता मारता मोजत बसतो. पंधरा चकरा मारतं. मग इथं, या खिडकीसमोर येऊन थांबतं आणि हात वर करतं. असे. आधी दहा बोटं, मग पाच. कुणाला तरी विचारल्यासारखं. मग काय होतं कुणास ठाऊक, मान खाली घालून पुन्हा धावायला लागतं. ती सोळावी चक्कर पुरी करताना काही मी त्याला पाहिलेलं नाही. तिकडच्या वळणावर झाडं आहेत ना, तिथूनच कुठूनतरी घरी जात असणार."

सरांचं बोट फलकावर एका जागी थांबलं होतं. तीन हजार मीटर. साल बेचाळीस वर्षांपूर्वीचं.

"काय हो सर? चुकलंय का काही?"

"नाही," सर म्हणाले आणि बाकावर बसले.

आता ही तीन हजारांची गोष्ट सांगायलाच हवी. शाळेचं मैदान दोनशे मीटरचं. म्हणजे तीन हजारांना पंधरा फेऱ्या. इतक्या फेऱ्यांत धावणारा कितव्या फेरीत आहे हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, म्हणून प्रत्येक धावणाऱ्यामागे एक शिक्षक टेबलाशी बसवायचे. पोरगं समोरून गेलं की कागदावर एक खूण करायची आणि ओरडायचं, "सात राहिल्या!" "सहा राहिल्या!" टेबल याच खिडकीबाहेर मांडलेलं असायचं. त्या वर्षी सर स्वतः मोजत होते ते काडीच्या फेऱ्या. नववीतला पोरगा, अंगावर मांस नाही म्हणून सगळे काडी म्हणायचे. पण धावायला लागला की बघत राहावं. नवव्या फेरीपर्यंत दुसऱ्या नंबरच्या पोराच्या तो अर्धी फेरी पुढे होता.

आणि नेमके तेव्हाच पाहुणे आले. मुख्याध्यापकांनी हाक मारली, सर उठले, हात मिळवला, दोन शब्द बोलले, परत बसले. एवढंच. तेवढ्यात काडी समोरून गेला होता. त्याची खूण राहिली.

पंधरावी फेरी संपवून काडी टेबलासमोर आला आणि थांबला. धापा टाकत त्यानं बोटं वर केली. दहा, आणि पाच. सरांनी कागदाकडे बघितलं. चौदा.

"अजून एक! पळ!"

पोरानं एकदा सरांच्या तोंडाकडे पाहिलं. वाद घातला नाही. सर म्हणाले म्हणजे एक असणारच. तो वळला आणि धावला, आणि पलीकडच्या वळणावर झाडांजवळ पडला तो उठलाच नाही. दुसऱ्या नंबरच्या पोराच्या फेऱ्या मोजणाऱ्या शिक्षकांनी आपल्या पोराला बरोबर पंधरा फेऱ्यांवर थांबवलं. तो पहिला ठरला. काडीच्या नावापुढे शेरा पडला, 'शर्यत अपूर्ण'.

डॉक्टर म्हणाले होते, हृदय जन्मापासूनच कमजोर, कधी ना कधी हे व्हायचंच. सरांनी ते वाक्य बेचाळीस वर्षं उराशी धरून ठेवलं. आपला आणि दुसऱ्या नंबरच्या पोराचा, दोन्ही कागद त्यांनी त्याच संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. चूक लख्ख दिसत होती, पुढे असलेल्या काडीच्याच नावावर एक खूण कमी. त्यांनी आपला कागद फाडला. लोक म्हणतील, गेलेल्याचं काय, लिहून टाकायचं होतं. पण तेव्हा त्यांची नोकरी नवी होती, घरात तान्हं मूल होतं, आणि भीती तर भीतीच असते हो. नंतर दरवर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

"टर्पेंटाइन संपलं," पेंटर शिडीवरून उतरत म्हणाला. "कोपऱ्यावरून घेऊन येतो. तुम्ही बसा निवांत."

तो गेला. त्याच्या सायकलची खडखड फाटकाबाहेर विरली आणि व्यायामशाळा एकदम मोठी वाटायला लागली. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवरून हळूहळू वर सरकत होतं. कुठंतरी पत्रा तापून टकटक वाजत होता.

मग पावलं आली.

अनवाणी पावलं, कडक मातीवर. धप, धप, धप... लांबून जवळ, खिडकीखालून, पुन्हा लांब. सरांनी मान वर केली नाही. पण बोटांना कोण सांगणार? तेहेतीस वर्षांची सवय. मांडीवर अंगठा एकेका पेरावर सरकायला लागला. एक. दोन. तीन...

पंधराव्या फेरीला पावलं खिडकीसमोर थांबली. नुसती धाप ऐकू येत होती, इतकी जवळून की सरांना वाटलं ती आपलीच आहे. मातीचा आणि ओल्या बनियनचा वास आत आला. बाहेर कुणीतरी वाट बघत होतं.

सरांना तोंड उघडवेना. 'झाल्या' एवढाच तर शब्द होता... पण तो म्हटला की सगळंच म्हटल्यासारखं होणार होतं. उद्या याच व्यायामशाळेत तीनशे माणसांसमोर त्यांचा सत्कार होता.

ते गप्प राहिले. बाहेर एक लांब श्वास ऐकू आला. मग पावलं निघाली, सावकाश, थकलेली. वळणावर पोचली... आणि जड काहीतरी मातीत पडल्याचा आवाज झाला.

शांतता. सरांचे डोळे भरून आले. "अरे बाळा..." ते पुटपुटले.

आणि सुरुवातीच्या रेषेवरून पुन्हा पहिली फेरी सुरू झाली.

"सर? आहात का आत?"

दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची, केस विस्कटलेले, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. "मी काडीची बहीण. तुमच्या घरी गेले होते, सूनबाई म्हणाल्या तुम्ही इथं आहात. ओळखलंत का? तेव्हा मी पाचवीत होते."

सरांनी नुसती मान हलवली. ती शेजारी बसली आणि कापड सोडलं. आत एक लहानसा चषक होता.

"दादाच्या नावानं द्यायचा विचार आहे. तीन हजार मीटरमध्ये पहिल्या येणाऱ्याला. पण त्याआधी तुम्हाला एक विचारायचं होतं. मी नर्स आहे सर, मरण रोज बघते, मला सांगताना संकोच करू नका." तिनं चषकाची कड बोटानं पुसली. "दादानं शर्यत सोडली होती का? आई शेवटपर्यंत एकच म्हणायची. 'त्या सकाळी घाईत मी त्याला नीट खायला घातलं नाही, म्हणून माझं पोर अर्ध्यात पडलं.' गेली तेव्हासुद्धा तेच तोंडात होतं."

घड्याळ सर हादरले. आपलं ओझं आपण एकटेच वाहतोय अशी त्यांची समजूत होती. आणि तिकडे एका आईनं ते उचललं होतं, आणि उचलूनच ती गेली होती.

त्यांनी सगळं सांगितलं. पाहुणे, राहिलेली खूण, वर केलेली बोटं, फाडलेला कागद. काही लपवलं नाही. "अपूर्ण नव्हती गं ती शर्यत. तो पहिला आला होता. मी त्याला जास्तीची पळवली."

चषक तिच्या मांडीवर तसाच होता. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त म्हणाली, "आईला सांगायचं होतंत हो... तिला तरी सांगायचं होतंत."

मान खाली घालून ते बसले होते, आणि अंगठा पेरांवर सरकतच होता.

"सर," तिनं एकदम आवाज खाली आणला. "बाहेर कोण धावतंय?"

"तुलाही ऐकू येतंय?"

"कधीपासून! मला वाटलं..." पावलं खिडकीकडे येत होती. तिनं सरांचं मनगट घट्ट धरलं.

चौदा. मग आणखी एक लांबलचक फेरी, आणि पावलं खिडकीसमोर थांबली. तीच धाप. सर काठी न घेताच उठले. खिडकीबाहेर सावल्या पसरल्या होत्या, फक्कीच्या पांढऱ्या रेषा अंधुक दिसत होत्या, आणि माणूस म्हणावा असं तिथं कुणीही नव्हतं.

"झाल्या!" सर ओरडले. आवाज फाटला, पण मैदानभर गेला. "पंधरा झाल्या रे! थांब. माझंच मोजायचं चुकलं. तू पहिला आलायस, बाळा... पुरे आता."

"दादा, थांब," बहीण मागून हळूच म्हणाली.

धाप कितीतरी वेळ चालू राहिली. मग ती संथ झाली. आणखी संथ... नंतर झाडांत पाखरांचा कलकलाट ऐकू आला, तेव्हा कळलं की इतका वेळ तोही बंद होता.

पेंटर डबा घेऊन परतला तेव्हा दोघं फलकासमोर उभी होती. "हे नाव पुसायचं," सर म्हणाले. "इथं दुसरं येणार."

"अहो सर, यादी तर तुमचीच!"

"माझीच. म्हणून तर सांगतोय."

रविवारी भरल्या सभेत सरांनी माइक हातात घेतला आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. सत्कार घेतला नाही. मग तिसऱ्या रांगेतून एक टकलू, पोट सुटलेला गृहस्थ उठला. त्या वर्षी पहिला ठरलेला तोच. "मला माहीत होतं, सर," तो म्हणाला. "तो माझ्या पुढे होता. मलाही बोलता आलं असतं." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. काहीजण सरांशी न बोलताच निघून गेले. ते सरांनी मुकाट्यानं सोसलं. संध्याकाळी बहिणीनं त्यांना घरी नेलं. तिच्या आईच्या तसबिरीसमोर ते हात जोडून बराच वेळ उभे राहिले, मग चहा घेतला, आणि रात्रीच्या जेवणाला घरी आले. कितीतरी वर्षांनी त्यांना गाढ झोप लागली.

सोमवारी सकाळी पेंटर व्यायामशाळेची किल्ली द्यायला सरांच्या घरी आला.

"काय सर, काल माणसाला ओळख तरी द्यायची!" तो हसत म्हणाला. "संध्याकाळी शिडी न्यायला शाळेत गेलो होतो. तुम्ही मैदानात होतात. त्या पोराच्या खांद्यावर हात टाकून त्याला सावकाश चालवत होतात, पळून दमलेल्याला चालवतात ना, तसं. दोन हाका मारल्या मी. तुम्ही काही वळला नाहीत. त्यानं मात्र वळून पाहिलं."

"काल संध्याकाळी?" सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "छे, बाबा तर त्या नर्सबाईंकडे होते."

"असं कसं? मी डोळ्यांनी पाहिलं की. आता म्हणाल तर... काठी नव्हती हातात. आणि केस जरा काळेच दिसले. मला वाटलं, उन्हं उतरली म्हणून असेल."

किल्ली घ्यायला सरांनी उजवा हात पुढं केला आणि पुन्हा मागं घेतला. सकाळपासून चारदा धुवून झाला होता तो. डावा हात कोरडा ठणठणीत होता. उजव्या तळहाताला मात्र धाप लागलेल्या माणसाच्या खांद्यासारखा घाम होता, गार, आणि त्याला मातीचा वास येत होता.