एकाच दिवसाचे दोन कागद

ही गोष्ट २०१९ सालच्या भाद्रपदातली. गणपती बुडाले होते आणि पितृपंधरवडा तोंडावर आला होता. नाशिकला इंदिरानगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये सिंधुबाई गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्या नातीनं, हर्षालीनं, एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि सहज म्हणाली, "आजी, तुझे वडील गेले तो दिवस लिहून दे ना."

सिंधुबाईंच्या बोटांतली शेंग तशीच राहिली...

हर्षाली तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिनं मानसशास्त्र घेतलं होतं. जुलैपासून घरात या विषयानं नुसता धुमाकूळ घातला होता. सकाळी कॉलेजात शिकलेलं संध्याकाळी आजीवर करून पाहिलं जाई. कधी अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, कधी शब्द ऐकून मनात पहिलं येईल ते बोलायचं. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला पुस्तकात प्रयुक्त म्हणतात, असं हर्षालीनं सांगितल्यापासून सिंधुबाई दारातूनच हाक देत, "ये गं, तुझी प्रयुक्त मोकळी झाली." रशियातल्या एका शास्त्रज्ञानं कुत्र्याला घंटेची सवय कशी लावली, तो धडा ऐकून तर त्या पोट धरून हसल्या होत्या. "आमची कपिला बादलीचा आवाज ऐकला की पान्हा सोडायची. त्याच्यासाठी रशियाला कशाला जायचं?"

सातवीत असताना आई गेली आणि सिंधुबाईंची शाळा सुटली. धाकटा भाऊ धनराज तेव्हा सहा वर्षांचा. त्याला न्हाऊमाखू घालणं, त्याची पाटी पुसणं, तापात रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसणं, हेच त्यांचं पुढचं शिक्षण. म्हणूनच की काय, साठी उलटल्यावर नातीच्या पुस्तकातून आलेलं हे कॉलेज त्यांना फार फार आवडलं होतं.

पण हा कागद...

"हाच दिवस कशाला? तुझ्या बापाच्या लग्नाचा लिहिते की. लय गंमत झालती."

"उज्वला मॅडमचा नियम आहे गं. वीस वर्षांपेक्षा जुनी घटना, घरातली दोन माणसं, आणि दोघांनी वेगवेगळं बसून लिहायचं. काय पाहिलं, काय ऐकलं, वास कसला आला, सगळं. स्मृतीचं प्रकरण चालू आहे ना." हर्षाली जराशी थांबली. "दुसरा कागद मी लिहून घेतलाय. म्हसरूळला जाऊन आले. धनराज आजोबांकडून."

सोळा वर्षांत त्या घराचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वी धनराजनं म्हसरूळला घर बांधलं, वास्तुशांतीला सगळे पाहुणे जमले, आणि पंगतीत कुणीतरी सहज त्यांच्या वडिलांचा, पुंजानानांचा, विषय काढला. धनराज भरल्या पंगतीत म्हणाला होता, "हिनं मला बापाचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. निरोप धाडायचं सुचलं नाही बाईला." सिंधुबाईंनी वर पाहिलं. भावाच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. तो खरंच तसं मानत होता! त्याच क्षणी त्यांच्या तोंडाशी आलेले शब्द आतल्या आत विरून गेले. ताटाला नमस्कार करून त्या उठल्या. तेव्हापासून दर भाऊबीजेला, एकाच गावात पाठचा भाऊ नांदत असताना, त्या गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळत होत्या, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तसं.

"लिहीन," त्या शेवटी म्हणाल्या. "शेंगा होऊ देत."

दुपारी घर निजलेलं पाहून त्यांनी पेन उचललं, आणि १९७८ सालचा तो मार्चमधला दिवस अंगणात ऊन उतरावं तसा कागदावर उतरू लागला. वणीच्या अलीकडचं ते गाव, ओसरीवरची नानांची खाट, काढ्याचा कडवट वास. पंचवीस वर्षांच्या सिंधूनं सासरहून येऊन दोन महिने बापाची उशी सोडली नव्हती. धनराज नाशिकला बोर्डिंगात राहून बारावी करत होता. त्या हिवाळ्यात तीनदा नानांचा श्वास अडकला, तीनदा त्याला निरोप गेला, तीनदा पोरगा धावत आला, आणि तीनदा नाना उठून बसले, चहा पिऊन त्याच्यावरच डाफरले, "अभ्यास टाकून कशाला आलास रे?"

चौथ्यांदा मात्र नाना उठले नाहीत.

सिंधुबाईंनी हे सगळं लिहिलं, आणि मग एकेचाळीस वर्षं जे सांगत आल्या तेच पुन्हा लिहिलं. "परीक्षा होती म्हणून मी धनराजला निरोप पाठवला नाही. चूक माझी." खाली आणखी चार ओळी लिहिल्या. दुपारी नाना गेले. शेजारचे भिकातात्या उन्हातून दुधाच्या गाडीनं आले, मोडकी सायकल दिंडोरीला दुकानात टाकून, फाटलेल्या पायाला पंचा गुंडाळून. सूर्य मावळायच्या आत उचललं पाहिजे म्हणाले सगळे. चुलत्यानं अग्नी दिला.

संध्याकाळी हर्षालीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला.

"आजी, भिकातात्या सकाळी कुठे गेले होते?"

"कुठं म्हणजे... असतील गेले कामाला."

"धनराज आजोबांनी लिहिलंय, संध्याकाळी एसटीतून उतरलो तेव्हा फाट्यावर भिकातात्या सायकल धरून उभे होते, एक पॅडल तुटलेलं, पायाच्या पंच्यातून रक्त आलेलं. पण तू लिहितेस, सायकल दुपारीच दिंडोरीला राहिली. मग ती मोडकी सायकल त्यांनी पाहिली कधी?"

सिंधुबाईंनी आपला कागद ओढून घ्यायला हात पुढे केला.

"दिंडोरी तर नाशिकच्या वाटेवर. भिकातात्या सकाळी नाशिकला गेले होते. निरोप गेला होता. हो ना?"

"फाडून टाक तो कागद," सिंधुबाई म्हणाल्या. आवाज इतका हलका की स्वयंपाकघरातल्या सुनेलाही ऐकू गेला नाही. "भिकातात्या जाऊन वीस वर्षं झाली. आता मी एकटीच आहे जाणणारी. माझ्याबरोबर जाऊ दे."

"पण धनराज आजोबांनी तुला पंगतीतून उठवलं, आजी!"

"त्यानं नाही उठवलं. मी उठले." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "सतरा वर्षांचं पोर. तीनदा धावत आलं, चौथ्यांदा म्हणालं, प्रॅक्टिकल उरकून येतो. त्यात काय पाप? पण भावकी सोडते का? पोटचा पोरगा निरोप मिळूनही आला नाही म्हणून जन्मभर टोचलं असतं त्याला. म्हणून तो यायच्या आतच मी सगळ्यांसमोर बोलले, मीच कळवलं नाही. भिकातात्याला शपथ घातली. तो आला, चुलता म्हणाला, तुझ्या बहिणीनं निरोप धाडला नाही रे. त्यानं माझ्याकडे पाहिलं... मी मान हलवली. पहिली काही वर्षं त्याला ठाऊक होतं, माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मग हळूहळू देऊ लागला. मला वाटलं, बरं झालं, विसरला. पुढं तो रागावूच लागला. मग मला कळलं, आपलं खोटं त्याला खरं झालंय."

हर्षालीनं दोन्ही कागद आपल्या वहीत ठेवले. माणूस आठवण पुन्हा पुन्हा नव्यानं रचतो, दुसऱ्याचं ऐकलेलं त्यात मिसळतं, हे तिनं मागच्याच आठवड्यात अधोरेखित केलं होतं... दोन गुणांना येतं म्हणून.

"फाडणार नाही," ती म्हणाली. "पण तुला विचारल्याशिवाय कुणाला देणारही नाही. हवं तर दुसरी घटना घेईन."

चार दिवसांनी, पितृपंधरवडा लागल्यावर, भर दुपारी दारावरची बेल वाजली. हर्षालीनं दार उघडलं. धनराज आजोबा उभे होते. विज्ञानाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेला, नेहमी कडक इस्त्रीतला हा माणूस चुरगळलेल्या सदऱ्यात, दाढीचे खुंट वाढलेला.

सिंधुबाईंनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"बस, धना," त्या म्हणाल्या. "पाणी आण गं."

"पाणी नको." तो उभाच राहिला. "ताई, तुझ्या नातीनं मला लिहायला बसवलं. मला बरंच वाटलं, म्हटलं एकदाचं सगळं कागदावर येऊ दे. लिहिलंही. पण त्या दिवसापासून झोप नाही. फाट्यावर भिकातात्या दिसतो, सायकल दिसते, पाय दिसतो... आणि माझ्या तोंडात दंतमंजनाची चव येते. काळं दंतमंजन, बोर्डिंगात मिळायचं ते. संध्याकाळी एसटीतून उतरून कोण दात घासतं, ताई?"

धनराज आणखी जवळ आला.

"भिकातात्या बोर्डिंगच्या फाटकाशी आला होता ना? सकाळी?"

"इतकी वर्षं झाली. तुझ्या आठवणीत गल्लत होत असंल," सिंधुबाई म्हणाल्या.

"मग तुझा कागद दाखव."

हर्षालीनं आजीकडे पाहिलं. तो कागद तिच्या वहीतच होता. सिंधुबाईंना वाटलं, अजूनही नाही म्हणता येईल. हा आहे तसा परत जाईल, रागावलेला पण हलका... आणि आपण पुन्हा गच्चीवर जाऊ. मग त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग नव्हताच. तापात मांडीवर घेतलेलं सहा वर्षांचं पोर बघायचं, तसं ते बघत होतं. खोट्याची याला आता गरज नव्हती. त्यांनी मान हलवली, एकेचाळीस वर्षांपूर्वी हलवली होती तशीच.

धनराजनं कागद वाचला. दिंडोरीच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. मग तो खाली, बहिणीच्या पायांशी, फरशीवर बसला.

"म्हणाला होता तो मला, या बारीला वेगळं दिसतंय, चल. मी म्हटलं, दोन वाजता प्रॅक्टिकल हाय, उरकून येतो..." मास्तरांची भाषा गळून गावची भाषा तोंडात आली होती. "तू का नाय बोललीस गं? त्या पंगतीत तरी बोलायचं."

"बोलले असते तर तू जेवला असतास का?"

तो लहान मुलासारखा रडू लागला. सिंधुबाईंनी त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. "सतरा वर्षांचा होतास रे. आणि नानांनी तुला हाक नाही मारली. भिकातात्याला तुझ्याकडं धाडलंय म्हटलं, तर शेवटी म्हणाले, पोराचा पेपर चांगला जाऊ दे." हे मात्र खरं होतं. एकेचाळीस वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं, कारण निरोपाचं खोटं न उलगडता ते सांगता येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं धनराजनं डोळे पुसले. "परवा नानांचं पित्र आहे. दर वर्षी घालतो, कढी काही नाना करायचे तशी जमत नाही. न्यायला आलोय तुला."

"पित्राला लागते ती गवारी आणून ठेवलीय," सिंधुबाई म्हणाल्या.

हर्षालीनं मॅडमना दुसरीच घटना दिली, बापाच्या लग्नाची, आणि तिला वीसपैकी चौदा गुण मिळाले. ते दोन कागद तिनं कुणालाही दाखवले नाहीत. पुढे तिनं त्याच विषयात एम. ए. केलं, आता ती एका दवाखान्यात समुपदेशन करते. धनराज त्या दिवाळीपासून दर भाऊबीजेला सकाळीच येऊन बसतो आणि ओवाळून होईपर्यंत चहा घेत नाही. भिकातात्यांच्या नातवाला त्यानं गावी जाऊन सगळं सांगितलं. भावकीलाही सांगितलं, उभं राहून.

सिंधुबाई आता बहात्तर वर्षांच्या आहेत. गेल्या दोन वर्षांत त्यांची आठवण विरत चालली आहे. कपिला आठवते, सून आठवत नाही. धनराज म्हसरूळहून रोज येतो, शेंगा निवडायला त्यांच्याजवळ बसतो. मध्येच त्या विचारतात, "धना, नाना गेले तेव्हा तू होतास ना रे उशाशी?"

पहिल्यांदा त्यानं खरं सांगितलं होतं. म्हणाला, नव्हतो, ताई. त्या दिवशी त्यांनी घास घेतला नाही, संध्याकाळपर्यंत एकच घोकत राहिल्या, पोराला निरोप गेला नाही, पोराला निरोप गेला नाही.

आता तो शेंग मोडता मोडता वर पाहतो आणि म्हणतो, "होतो की, ताई. तूच तर बोलावून घेतलंस."